माळ्यावरचे झालानी पाने: संपायच्या आत घ्यावेत का?

बिजागरी

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आतल्या अंगाला हार्डवेअरचं एक जुनं दुकान आहे. मालक सत्तरीपुढचे, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, दिवाळीनंतर शटर कायमचं खाली जाणार. मी गेलो होतो दोन बिजागऱ्या आणायला. बोलता बोलता काका म्हणाले, "पाने बघायचेत का?" आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं. त्याने खाली आणलेल्या खोक्याचा पुठ्ठा हात लावला की भुगा होत होता. आत मात्र तेलकट पिवळा कागद, आणि कागदात बारा रिंग पाने. एकालाही नट लागलेला नाही. दांड्यावर उठावदार अक्षरांत झालानी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झालानी ही हत्यारं बनवणारी कंपनी, म्हणजे आधीची गेडोर इंडिया. मूळ गेडोर जर्मनीतल्या रेमशाइड गावची, डोविडाट बंधूंनी १९१९ मध्ये काढलेली. 'भाऊ' या अर्थाचा जर्मन शब्द, आडनाव आणि गाव यांची पहिली अक्षरं जोडून नाव झालं. इथल्या कंपनीचे कारखाने फरिदाबाद, कुंडली आणि आपल्या औरंगाबादेत होते. ते बंद पडून जमाना झाला.

काकांनी संचाचे अठराशे सांगितले. मी घासाघीस केली नाही. घरी येऊन १०-११ चा पाना चेतकच्या इंजिनावर लावला. (चेतकला अकराचे नट आहेत आणि हल्लीच्या काही स्वस्त संचांत नेमका अकराच नसतो.) पाना नटावर बसला तो असा, की डब्याला झाकण बसावं. जरासुद्धा खुळखुळ नाही.

माझं म्हणणं एवढंच: गावोगावच्या माळ्यांवर असा माल अजून पडून आहे. दुकानं बंद होताहेत आणि पुढची पिढी तो किलोवर भंगारात घालणार. वापरणाऱ्या माणसांनी तो आत्ताच उचलावा. पटतंय का?

फिटर ७४

नाही पटत. एकतीस वर्षं मेंटेनन्सला काढली, म्हणून बोलतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी आमच्या खात्यातली नवी पोरं पाने घ्यायची. चाळीस रुपयांत चांगला फिक्स पाना मिळायचा. आता सकाळी सातला गाडीतून साहेब उतरतात, मोबाईलवर नाव शोधतात, "हे व्हिंटेज आहे" म्हणतात आणि दीडशे देऊन जातात. बाजारवाला शहाणा झाला. पोरगं मात्र तिथून उठतं आणि पत्र्याचा पाना घेतं. तुमच्यासारखे शंभर जण आले की वापरणाऱ्याच्या हातात काय उरतं?

बिजागरी

मी वापरतो हो. चेतक आहे म्हटलं ना.

फिटर ७४

वर्षातून किती वेळा?

बिजागरी

...तीनदा. चारदा म्हणा.

आठशे चाळीस डिग्री

हीट ट्रीटमेंटच्या धंद्यात आहे, म्हणून दोन थंड पाण्याचे थेंब.

"जुनं ते सोनं" हा इथे निव्वळ डोळ्यांचा धोका आहे. त्या काळातले वाईट पाने कधीच फाकले, तुटले, भंगारात गेले. आज माळ्यावर किंवा आजोबांच्या पेटीत जे सापडतं ते चाळणीतून उरलेलं. त्यावरून तो अख्खा काळच चांगला होता म्हणणं म्हणजे नव्वदीचे आजोबा बघून पूर्वी सगळेच नव्वद जगायचे म्हणण्यासारखं.

पाना चांगला होतो तो पोलाद, फोर्जिंग (तापवून ठोकणं) आणि पाणी (तापवून-थंडावून दिलेला कठीणपणा) या तिन्हींनी. क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा तुकडा लाल तापवून साच्यात ठोकतात, कडेचा फाफडा कापतात, पुन्हा तापवून तेलात बुडवतात, मग टेम्पर करतात, म्हणजे कमी तापमानाला पुन्हा तापवून ठिसूळपणा काढतात. टेम्पर कमी पडला की पाना काचेसारखा तडकतो. जास्त झाला की जबडा फाकतो आणि नटाच्या कडा मारतो. आज भट्टीचं तापमान यंत्र सांभाळतं, त्या काळी बऱ्याच ठिकाणी मिस्त्री रंग बघून ठरवायचा. मिस्त्री चांगला असेल तर माल अप्रतिम. पण तो सोमवारी सुट्टीवर असेल तर?

बिजागरी

तपासायचं कसं मग? मी कानस मारून बघितली. किंचित चावली, म्हणजे पाना मऊ का?

आठशे चाळीस डिग्री

अहो, नव्या पान्यावर कानस कशाला मारलीत! क्रोमचा मुलामा गेला ना तिथला. आता तिथून गंज धरेल, तेल लावा.

आणि चावणारच. कठीणपणाच्या रॉकवेल मापात कानस साठच्या वरची, पाना पंचेचाळिशीच्या आसपास. चांगला पाना तितकाच ठेवतात, त्याला झटका सोसायचा असतो. लोण्यासारखी चावली तर काळजी करा. वापरलेला पाना घेताना वेगळं बघा: जबड्याजवळ निळसर-जांभळी झाक आहे का? असेल तर कुणीतरी गॅसवर तापवून वाकवलाय, त्याचं पाणी गेलं. दांड्यावर पाइपाचे वळ आहेत का? म्हणजे पाइप घालून ताणलाय. आणि कडेने फोर्जिंगची बारीक रेघ दिसते का, ती घासून काढली असली तरी खूण राहते.

सातपूरकर

मी नाशिकची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी टपारिया या हत्यारांच्या कंपनीत होतं किंवा आहे. १९६९ मध्ये स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने पाने-पकडी बनवायला लागले, आणि कारखाना आजही सातपूरला चालू आहे. तुम्ही सगळे मेलेल्या कारखान्याचं श्राद्ध घालण्यात गुंतलाय, जिवंताला कोण जेवायला घालणार? अठराशेत देशी रिंग पान्यांचा नवा संच येतो, बिल मिळतं, आणि फाकला तर दुकानदाराकडे जाऊन भांडता येतं. काकांच्या माळ्यावरचा तुटला तर कुणाशी भांडाल?

तुम्ही बंद पडलेल्याचा माल घेतलात तर त्यातला एक रुपयाही आज भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला जात नाही. तो फक्त काकांना जातो. काकांना जावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला "देशी उद्योगाची आठवण जपणं" वगैरे म्हणू नका.

बिजागरी

मी असं म्हटलंच नव्हतं.

सातपूरकर

म्हणणार होतात. पुढच्या प्रतिसादात.

टेक्सासचा तात्या

इथली गोष्ट सांगतो. क्राफ्ट्समन हे सिअर्सचं हत्यार, मोडलं तर दुकानात न्यायचं आणि नवीन घेऊन यायचं, आयुष्यभर. हळूहळू माल बाहेरून बनून यायला लागला. जुना अमेरिकन शिक्क्याचा माल लोक गराज सेलमध्ये हुडकू लागले, मीही. २०१७ मध्ये स्टॅनले ब्लॅक अँड डेकरने ब्रँड घेतला, २०१९ मध्ये जाहीर केलं की इथे फोर्टवर्थला नवा कारखाना टाकून पाने पुन्हा अमेरिकेत बनवणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. २०२३ मध्ये कारखाना बंद करतोय म्हणून जाहीर केलं. म्हणून सांगतो, "पुन्हा बनतील" या आशेवर बसू नका. मिळतंय ते घ्या. माझ्या गराजमध्ये तीन संच आहेत. बायको विचारते तिसरा कशाला. उत्तर नाही.

दहा दहा

मनगटावरच्या एचएमटीला स्मरून विरुद्ध बाजूचं सांगतो. कारखाने बंद होणार म्हटल्यावर काय धावपळ झाली आठवते? जनता, पायलट, सोना, मिळेल ते. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि भाव आणखी चढले. मी सहा घेतली. घड्याळं आजही मिळतात, एचएमटी स्वतः विकते. मी मात्र तेव्हा घाबरून दुप्पट मोजले. त्यातली दोन चालतात, चार चावी द्यायची राहून राहून बसली आहेत. "संपणार" हा शब्द ऐकला की माणसाची अक्कल आधी संपते.

बिजागरी

पण झालानी खरंच संपलंय. घड्याळाशी तुलना कशी होईल?

दहा दहा

पाना संपलाय का? १०-११ चा रिंग पाना जगातून संपलाय का? संपला तो शिक्का. तुम्ही शिक्का विकत घेतलात.

खातं नंबर तीन

मी सहसा लिहीत नाही. वडील अशाच एका हत्याराच्या कारखान्यात होते, नाव नको. फोर्जिंगला. हातोड्याखाली तापलेला तुकडा चिमट्याने धरायचा, दोन ठोक्यांत फिरवायचा. कान गेले. शेवटची काही वर्षं पगार महिनेन् महिने तुंबला, मग एके दिवशी गेट बंद. ग्रॅच्युइटीची वाट बघत बघत ते गेले. इथे "किती सुंदर फिनिश" वाचलं की मला आईने किराणावाल्याकडे उधारीची वही पुढे केलेली आठवते.

पण खरं सांगायचं तर त्यांनी आणलेले चार पाने अजून घरात आहेत. खंडेनवमीला पूजेत ठेवतो. कुणी दहा हजार दिले तरी देणार नाही. म्हणजे मीही तुमच्यातलाच झालो, नाही का.

फिटर ७४

तुमची गोष्ट वेगळी. ते पाने तुमचे आहेत.

निर्यातवाला

भावना बाजूला ठेवून जरा हिशेब. एप्रिल २०२५ मध्ये नीती आयोगाने हातहत्यारं आणि विजेवरच्या हत्यारांवर अहवाल काढला. आपली हातहत्यारांची निर्यात साधारण ६० कोटी डॉलर, जगाच्या व्यापारात वाटा १.८ टक्के. चीनच्या तुलनेत आपला माल १४ ते १७ टक्के महाग पडतो, असं त्यात म्हटलंय. म्हणजे जालंधर-लुधियानाचा कारखानदार मरमर मरून बनवतो, पण महाग पोलाद, व्याज आणि वाहतुकीत मार खातो. पाने जपून ही दरी भरणार नाही. ज्याला खरंच कळवळा आहे त्याने दुकानात गेल्यावर "स्वस्तातला दाखवा" म्हणणं बंद करावं. मी स्वतः दुकानाच्या काउंटरवर बसलोय. देशीच पाहिजे म्हणणारं गिऱ्हाईक वीस रुपयांचा फरक दिसला की आयात मालाकडे वळतं.

सातपूरकर

हेच. अगदी हेच.

आठशे चाळीस डिग्री

वीस रुपये नव्हे, फरक कधीकधी निम्म्याचा असतो. गॅरेजच्या पोराला दोष देऊ नका.

बिजागरी

फिटरकाकांचं आणि सातपूरकरांचं म्हणणं ऐकून काल पुन्हा बोहरी आळीत गेलो. दुसरा संच घ्यायचं मनात होतं, नाही घेतला. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पोराला काकांचं दुकान दाखवलं. त्याने खोका उलटापालटा केला, झालानी वगैरे काही विचारलं नाही, १२-१३ आणि १४-१५ एवढे दोनच उचलले. म्हणाला, बाकीचे माझ्याकडे आहेत. काकांनी त्याला दोनशेत दिले. मला अठराशे लावले होते ते आठवून जरा झोंबलं, खोटं कशाला बोलू.

दहा दहा यांना: हो, शिक्का विकत घेतला. पण नटावर जो बसतो तो शिक्का नव्हे. तेवढं मी सोडणार नाही.

दहा दहा

नका सोडू. फक्त तेल लावत जा.

थम्पर

धागा उशिरा वाचला. काकांकडे इंची पाने आहेत का? वडिलांची सत्तरच्या दशकातली बुलेट उघडायची आहे. व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे नट, त्यावर मिलिमीटरचा पाना लावला की एक तर शिरत नाही, नाहीतर कड मारतो. नवीन कुणी ठेवत नाही. शिक्का कुठलाही चालेल, गंजलेला चालेल.

बिजागरी

खोक्याच्या तळाला चार-पाच आहेत, अपूर्णांकापुढे डब्ल्यू लिहिलेले. मला कळले नव्हते म्हणून बाजूला टाकले. कुठली मापं हवीत ते लिहा, शनिवारी जाऊन येतो. बिजागऱ्या आणायच्या तशाही राहिल्यात.