पऱ्हाटीचं झाड, कापसाचा बर्फ: तुमच्याकडचा नाताळ सांगा

जालन्याची लेक
आज पुण्यात एका दुकानात प्लास्टिकचं झाड बघितलं, फांद्यांवर पांढरा फवारा मारलेला. पोरगी म्हणाली, आई, हा बर्फ. मला एकदम जालना आठवलं. आमचा बर्फ घरच्या कापसाचा. डिसेंबरात वेचणी चालूच असायची, आजी बसून सरकी काढून द्यायची. झाड म्हणजे वेचून झालेली पऱ्हाटी, डालड्याच्या डब्यात माती भरून उभी केलेली. चांदणी कामट्यांची, पतंगी कागदाची, आत चाळीसचा बल्ब. ती माळवदावर बांबूला बांधायची.
विकतचं काही आणायचं नाही, वाचलेले पैसे महिला मंडळाकडे. शिवाय रोजची मूठ असायचीच. दळणाची ज्वारी काढताना एक मूठ वेगळ्या गाडग्यात, रविवारी ती चर्चला. नाताळाच्या आठवड्यात पाळकबाई आणि दोघी-तिघी अंधार पडल्यावर पिशव्या घेऊन निघायच्या. कोणाकडे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आईला विचारलं की एकच उत्तर, "तुला काय करायचंय?"
लिहा तुमचंही. चर्चचे असा नसा.

कडबाकुट्टी
आमची तुरकाटी. कापूस झाडाला लावायला परवडतो का ताई आता, वेचणीची मजुरी बघा किलोला किती झाली 😄

उदगीरकर
कामट्या बुरडाकडून आणायच्या, रात्रभर भिजवायच्या, मग वाकतात. खळ मैद्याची, शिजताना चिमूटभर मोरचूद. त्यानं झुरळं-उंदीर कागद खात नाहीत. विषारी असतं, म्हणून लेकरांना खळीपाशी येऊ द्यायचे नाहीत काका. पाच टोकं सारखी कधीच यायची नाहीत. आमची चांदणी कायम एका पायानं लंगडी, लोक लांबूनच ओळखायचे की हे पाटोळ्यांचं नाही, आमचं घर.

मनीची आई
पाटोळ्यांची कशी असायची मग?

उदगीरकर
त्यांची मुंबईहून यायची. घडीची.

औशाची माहेरवाशीण
१९९३. ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला आणि तीन महिन्यांत नाताळ. आमच्या मंडळीत ठरलं की लाइटिंग नाही, दारावर एकच चांदणी. पैसे जमले त्याच्या घोंगड्या घेऊन वडील टेम्पोत बसून गेले. तिथल्या एका म्हाताऱ्यानं घोंगडी घेतलीच नाही. म्हणाला, जो येतो तो पांघरूण आणतो, भाकरी कशावर टाकू ते सांगा. वडील खूप वेळ काही बोलले नाहीत म्हणे. पुढच्या खेपेला तवे, पातेली, परात नेली. तेव्हापासून आमच्याकडे आधी एक माणूस विचारून येतो, मग खरेदी. अजूनही.

छावणीचा
वरचं वाचून बरं वाटलं. औरंगाबाद (हो हो, संभाजीनगर, जिभेची सवय जात नाही). घाटी दवाखान्यात केळी-बिस्किटं वाटणं आमच्या तरुण संघाचं दरवर्षीचं. आणि फोटो. पेशंट झोपलेला, चार जण केळं धरून उभे. मला तो प्रकार सहन होत नाही, स्पष्ट सांगतो. गेल्या नाताळाला आम्ही नुसते रात्री बाहेर झोपलेल्या नातेवाइकांशी बोलत बसलो. परभणी, हिंगोली, बुलढाण्याकडची माणसं. काय पाहिजे तर गरम पाणी, चादर आणि मोबाइल चार्जिंग! घरी खबर द्यायला फोन चालू पाहिजे ना. कॅरलचे जमलेले पैसे त्यातच घातले. कॅरलला आमच्याकडे ढोलकी आणि टाळ असतात, गिटारवाला नवीन आलाय, तो तालात राहत नाही.

कडबाकुट्टी
गिटारवाल्याला टाळ द्या 😂

जुना बोर्डिंगवाला
जालन्याचा विषय निघाला म्हणून. जवळचं बेथेल हे रेव्ह. नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात वसवलेलं गाव, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर. तिकडचे कोणी आहेत का इथं? जुने फोटो पाहिजेत.

मनीची आई
कुकर लावलाय, नंतर लिहिते. आमची गव्हाणी खऱ्या कडब्याची असायची आणि शेजारच्यांची शेळी येऊन ती खायची. दरवर्षी!!

भट्टीवाल्यांचा
अस्सलामु अलैकुम, मी परभणीचा. अब्बांची बेकरी होती. नाताळाच्या आधी रात्रभर घराघरातून नानखटाईचे ट्रे यायचे, खडूनं नावं लिहिलेली. हीच गर्दी दिवाळीला, हीच ईदला. सगळ्यांच्या ट्रेमधून चार-चार काढून चर्चच्या बाया एक बिननावाचा ट्रे भरायच्या, बोर्डिंगच्या पोरांसाठी. त्या ट्रेचे भाजायचे पैसे अब्बा घ्यायचे नाहीत. बाया द्यायच्या, हे परत करायचे, मग भांडण. पाळकसाहेबांनी एकदा मध्ये पडून बघितलं, त्यांनाही दोघांनी गप्प बसवलं.

जालन्याची लेक
काय लिहिलंत! ट्रेवरचं खडूचं नाव भाजताना पुसायचं आणि आमची नानखटाई दुसऱ्याच्या घरी जायची.

भट्टीवाल्यांचा
म्हणून अब्बा चव बघून ओळखायचे. असं सांगून एक खायचे 😄

ऊसतोड पट्ट्यातून
आमच्याकडे (बीड जिल्हा) नाताळात गाव रिकामं. दिवाळी झाली की जोड्या कारखान्याला, मागं म्हातारे आणि शाळेतली लेकरं. सजावट कोण करणार? चर्चमध्ये आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा, झालं. पण उपासना संपली की जेवण सगळ्या वस्तीला. भात, वरण, शिरा. कोण कोणत्या देवाचा ते विचारत नाहीत. चालता येत नाही त्यांना डबा घरी. त्या म्हाताऱ्यांना फोन लावून कारखान्यावरच्या लेकाशी बोलायला देणं, हे माझ्याकडं असतं. निम्म्या वेळा रेंज नसते.

छावणीचा
दादा, हे भारी आहे. आमची पोरं येतील मदतीला, कळवा.

ऊसतोड पट्ट्यातून
या की. कॅमेरा नका आणू फक्त.

मनीची आई
आले. नानखटाईत तूप घालायचं का डालडा? माझी पसरते.

भट्टीवाल्यांचा
डालडा. तुपाची पसरतेच, घालायचंच असेल तर पीठ तासभर थंड करून भाजा. सोडा चिमूटभरच.

मनीची आई
ओव्हन नाही हो.

उदगीरकर
कुकरात वाळू तापवा, शिट्टी आणि रबर काढून. वर ताटली ठेवा. जमतंय.