गुडघ्यामागची धमनी तुटली असता आधी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण) की थेट शस्त्रक्रिया?

धागाकर्ता (शल्यचिकित्सक): गुडघा निखळला की त्यामागची पॉप्लिटियल धमनी हमखास धोक्यात येते, कारण वर आणि खाली ती जखडलेली असल्याने तिला सरकायला जागाच नसते. पाऊल थंड पडले आहे, सांधा जागेवर बसवूनही नाडी लागत नाही, अशा रुग्णाला सीटीसाठी थांबवणे मला अक्षम्य वाटते. रक्ताविना स्नायू साधारण सहा तास तग धरतात आणि तालुक्याहून आलेल्याचे त्यातले बरेचसे तास रस्त्यातच सरलेले असतात. दुसऱ्या महायुद्धात अशा धमन्या प्रायः बांधून टाकत. अमेरिकी शल्यचिकित्सक डबेकी व सिमियोन यांनी १९४६ मध्ये त्या युद्धातल्या २,४७१ धमनीजखमांचा आढावा घेतला; त्यांत धमनी बांधलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचा अवयव कापावा लागला. कोरियाच्या युद्धात धमन्या जोडू लागल्यावर हे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवर आले. पाय वाचतो तो वेळेत केलेल्या जोडणीने.

प्रतिसाद १ (क्ष-किरणतज्ज्ञ): असहमत. मांडी, गुडघा आणि नडगी अशा तीन ठिकाणी हाडे मोडलेल्या अपघातग्रस्ताची धमनी नेमकी कुठे तुटली, हे बोटांनी कसे सांगणार? चुकीच्या जागी चीर घेतली तर तासभर तिथेच जातो. शिवाय डोके आणि पोट यांच्या सीटीसाठी तो बहुधा यंत्रावर असतोच. त्याच वेळी पायाचे चित्र मिळायला काही मिनिटे पुरतात. रांग लागत असेल तर तो दोष व्यवस्थेचा आहे, तपासणीचा नव्हे.

धागाकर्ता: अनेक ठिकाणच्या इजेबाबत आपले म्हणणे मान्य. मात्र जखम एकाच जागी असेल तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच धमनीत रंगद्रव्य सोडून चित्र घेता येते. सीटीची खरी गरज मला वाटते ती नाडी लागत असलेल्या पायाला: धमनीचा आतला पडदा फाटूनही नाडी काही काळ टिकते आणि पुढे गुठळी धरते. तिथे घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी भरले, तर सीटी करावीच.

प्रतिसाद २ (अस्थिरोगतज्ज्ञ): दोघेही हाडाला विसरलात. डळमळत्या हाडावर तुटलेल्या धमनीच्या जागी शिरेचा तुकडा जोडला, तर हाड बसवताना ती जोडणी ताणली जाते. म्हणून मी आधी धमनीत तात्पुरती नळी घालून रक्त सुरू करावे, मग बाहेरून सळया लावून हाड स्थिर करावे आणि शेवटी दुसऱ्या पायाची सॅफेनस शीर (पायातली त्वचेलगतची लांब शीर) धमनीच्या जागी जोडावी, या मताचा आहे. उशिरा आलेल्या पायात पोटरीच्या स्नायूंचे चारही कप्पे त्याच बैठकीत चिरून उघडावेत. कप्प्यांतला दाब वाढण्याची वाट पाहिली तर धमनी वाहती राहूनही स्नायू मरतात.