गॉल्गी संकुल पोस्ट ऑफिस, तर मग पत्ता लिहितं कोण?

बारावीची विद्यार्थिनी, नंदनवन
नीटची तयारी करून राहिले. क्लासमध्ये सांगितलं, गॉल्गी संकुल म्हणजे पेशीचं पोस्ट ऑफिस. पण पत्र पेटीत पडतं तेव्हा त्यावर पत्ता आधीच असतो ना? हिमोग्लोबिननं पेशीतच राहायचं आणि इन्सुलिननं बाहेर जायचं, हे कोण ठरवतं? प्रथिनं विणणारे रायबोझोम तर दोन्हीकडे सारखेच. सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला येत नाही.

लॅबवाले काका, धंतोली
बेटा, प्रश्न अगदी मुळाचा आहे. पत्ता प्रथिनाच्या अंगातच असतो. इन्सुलिनची साखळी सुरुवातीला 110 अमिनो आम्लांची. त्यातली पहिली 24 म्हणजे पत्ता. हे टोक रायबोझोममधून डोकावलं की सिग्नल रेकग्निशन पार्टिकल नावाचा कण त्याला धरतो, साखळी विणणं जरा थांबवतो आणि रायबोझोमसकट आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या, दाराशी नेतो. पुढची साखळी विणता विणताच आत सरकते, टोक तिथंच छाटलं जातं. हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनाला असं टोकच नाही, म्हणून हिमोग्लोबिन पेशीद्रवात राहतं. गुंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

उरली 86. त्यांची घडी बसते, गंधकाचे तीन बंध जुळतात. मग गॉल्गी, आणि तिथून निघालेल्या पुटिकांमध्ये, म्हणजे इवल्या पिशव्यांमध्ये, मधला भाग कापला जातो; सांध्यावरची 4 अमिनो आम्लं यात गळतात. उरतं 51 चं इन्सुलिन आणि 31 चा सी-पेप्टाइड. दोघंही एकाच पुटिकेतून रक्तात येतात.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिला टाइप 1 मधुमेह निघाला. सी-पेप्टाइड तपासायची तिच्या रक्ताची नळी मीच मशीनला लावली होती. टोचलेल्या इन्सुलिनसोबत हा तुकडा येत नाही, त्यामुळे तिच्या स्वतःच्या पेशी किती बनवतात ते या आकड्यावरूनच कळतं. आकडा तळाला होता. ती नळी किती वेळ हातात धरून उभा होतो, आठवत नाही.

प्राध्यापिका, रामदासपेठ
काकांच्या उत्तरात एक भर. लयकारिका म्हणजे पेशीतला कचरा पचवणारी पिशवी; तिच्या विकरांवर गॉल्गी खरोखरच शिक्का मारतं, मॅनोज-6-फॉस्फेट या साखरेच्या खुणेचा. आय-सेल रोगात तो शिक्का बसत नाही. विकरं चांगली असूनही पेशीबाहेर सांडतात आणि लयकारिकेत कचरा साठत जातो.

बारावीची विद्यार्थिनी, नंदनवन
काका, ताई कशी आहे आता? आणि ते टोक ग्लोबिनला जोडलं तर तेही आत जाईल का?

लॅबवाले काका, धंतोली
बरी आहे बेटा, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आणि हो, जातं. जिवाणूच्या एका प्रथिनाचं टोक ग्लोबिनला जोडून पाहिलेलं आहे, ग्लोबिन पडद्यापार आत गेलं.