मदत हवी आहे : दमट हवेत चासीच्या नळ्या गंजण्यापासून कशा वाचवाव्यात?

सर्वांना नमस्कार. रत्नागिरीतील आमचा अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा संघ फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी शर्यतीची गाडी बांधत आहे. इंजिनाचे काम मार्गी लागले आहे. अडचण आहे ती चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची. तिच्यासाठी आणलेल्या ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादाच्या नळ्या घासून चकचकीत केल्या, तरी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेमुळे दुसऱ्या दिवशी त्या तांबूस दिसतात आणि बोट फिरवले की गंजाची भुकटी हाताला लागते. तेल लावून ठेवावे, तर टिग वेल्डिंगपूर्वी (टंगस्टनची कांडी आणि निष्क्रिय वायू वापरून होणारे वेल्डिंग) ते अ‍ॅसिटोनने पूर्ण निघाले नाही की जोडात बारीक छिद्रे पडतात. विशेषतः नळीच्या आतल्या बाजूला, जिथे फडके नीट पोहोचत नाही. रंगाच्या दुकानातला सल्ला ‘रेड ऑक्साइड (गंजरोधक तांबडा रंग) मारा’ एवढाच असतो. वेल्डिंगच्या आचेने तो जळतो, हे त्यांच्या गावीही नसते. मुख्य रोल हूपच्या (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या कमानीच्या) नळीच्या भिंतीच्या जाडीला नियमाने किमान मर्यादा असल्याने पुन्हा पुन्हा घासणेही आम्हाला धोक्याचे वाटते.

मिरकरवाड्यात होड्यांची कामे करणाऱ्या किंवा मिरजोळे एमआयडीसीत फॅब्रिकेशन करणाऱ्या अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे, की वेल्डिंग होईपर्यंत नळ्यांना आतून-बाहेरून काय लावावे आणि जोडाच्या आजूबाजूची किती जागा कोरी ठेवावी?