मराठी वाचायला ई-रीडर: सहा इंची किंडल की अँड्रॉइडवालं?

वाईकर (जि. सातारा):
ई-रीडर (पुस्तकं वाचायचं, कागदासारख्या ई-इंक पडद्याचं यंत्र) घेताना लोक आधी किंमत आणि बॅटरी बघतात. मराठी वाचकाने आधी बघावं, आपली पुस्तकं येणार कुठून. इंग्रजी कादंबऱ्यांना अ‍ॅमेझॉनचं किंडल उत्तमच. मराठी ई-पुस्तकं मात्र विखुरलेली आहेत. बुकगंगावर घेतलेलं पुस्तक त्यांच्या अ‍ॅपमध्ये उघडतं, प्ले बुक्सचं गूगलच्या अ‍ॅपमध्ये, आणि मराठी विश्वकोश त्याच्या संकेतस्थळावर. किंडलवर यातलं काहीच नीट चालत नाही. विश्वकोशाचं एवढं प्रचंड काम आमच्या वाईत झालं, ते डोळ्यांना त्रास न होता वाचता यायलाच हवं. म्हणून माझं ठाम मत: ओनिक्स बूक्ससारखं, प्ले स्टोअर असलेलं, निदान सात इंची यंत्र घ्या.

कृष्णाकाठ (सांगली):
वाईकर, दुकानांचा मुद्दा मान्य, पण निष्कर्ष नाही. किंडलच्या दुकानात २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत. मराठी विकिस्रोत या मोफत ग्रंथसंग्रहावरून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) उतरवून अ‍ॅमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' या वेब-पानावर टाकलं की यंत्रावर येतं. तिथे २०० एमबीपर्यंतची फाइल चालते, ईमेलने ५०. विश्वकोशातली नोंदही संगणकावरच्या क्रोममधल्या 'सेंड टू किंडल' एक्स्टेन्शनने पाठवता येते.

उलट अँड्रॉइड यंत्राचे तोटे कुणी सांगत नाही. मागे अ‍ॅप्स आणि वायफाय चालू राहिलं तर बॅटरी काही दिवसांत उतरते. किंडल रोज अर्धा तास वाचलं तरी कित्येक आठवडे जातं. बहुतेक अ‍ॅप्स मोबाइलच्या पडद्यासाठी बनलेली. सरकवत वाचायला गेलं की आधीच्या पानाची सावली मागे राहते. मग प्रत्येक अ‍ॅपला रिफ्रेशची (पडदा पुन्हा रंगवण्याची) सेटिंग वेगळी लावा: वेग वाढवला की अक्षर फिकं, अक्षर ठळक केलं की पान हळू. शिवाय अशा यंत्रांतलं अँड्रॉइड सहसा पुढच्या आवृत्तीला जात नाही. काही वर्षांनी एखादं अ‍ॅप 'हे यंत्र चालणार नाही' म्हणालं, तर तुमचा मुख्य मुद्दाच गेला.

कराडकर:
दोघेही पीडीएफ विसरलात. मराठीत फुकट मिळणारं निम्मं-अधिक वाचन त्यातच असतं. घेण्याआधी स्वतःची फाइल मोबाइलवर उघडा, एका शब्दावर बोट दाबून ठेवा, कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा.

तोच शब्द देवनागरीत उमटला तर फाइल युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) आहे. संगणकावरच्या कॅलिबर या मोफत प्रोग्राममध्ये ईपब करा, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या तपासून घ्या. पीडीएफमधून काढताना ऱ्हस्व वेलांटीची जागा हमखास चुकते. पुस्तकाच्या माहितीत भाषा 'मराठी' करा, कारण किंडल फॉन्टचे पर्याय त्यावरून दाखवतं.

रोमन अक्षरांचा कचरा उमटला तर मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टचा. तो आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय ईपब करू नका, नुसता कचराच छापला जाईल.

काहीच निवडलं गेलं नाही तर ते स्कॅन. गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मजकूर निघतो, पण पानांचे आकडे आणि मथळे मधेच घुसतात. शोधायला ठीक, वाचायला नाही.

वाईकर:
म्हणूनच तर पडदा मोठा हवा! ए-४ पानावर मजकुराची रुंदी साधारण १६ सेंमी. सहा इंची पडदा रुंदीला ९ सेंमी. समास कापले तरी १२ पॉइंटचं अक्षर पावणेसातचं होतं. त्यात रफार, अनुस्वार आणि खालचा उकार वाचायचा कसा?

कृष्णाकाठ (सांगली):
यंत्र आडवं धरून. रुंदी १२ सेंमी मिळते, अक्षर नऊ पॉइंटचं होतं, पान दोन-तीन टप्प्यांत वाचायचं. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराच्या जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन समास कापून पाहिलं तर आडव्या पडद्यावर अक्षर मूळ छपाईपेक्षा किंचित मोठंच दिसतं. तुमच्या सात इंचांनी ए-४ चा प्रश्न सुटत नाहीच. त्याला १०.३ इंच लागतात, आणि तो पडदा हातात धरून झोपून वाचायचा नसतो.

वाईकर:
ए-४ चं मान्य, सात इंच तिथे अपुरे. दस्तऐवज आणि प्रबंध वाचणाऱ्याने १०.३ च बघावं. पण बुकगंगा किंवा प्ले बुक्सवर विकत घेतलेल्या मराठी पुस्तकांचं काय? ती सहसा तुमच्या किंडलवर नेता येत नाहीत, आणि लेखक-प्रकाशकाला पैसे देऊन वाचणारा माणूस अडकतो. मला तोच वाचक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कराडकर:
त्या वाचकासाठी वाईकरांशी सहमत. फक्त आपल्या आवडीचा मराठी फॉन्ट घालायचं विसरू नका. किंडल असो की अँड्रॉइड, लोक यंत्र संगणकाला जोडून 'fonts' ऐवजी भलत्याच फोल्डरात फाइल टाकतात आणि मग दिसत नाही म्हणतात. किंडलवर या नावाचं फोल्डर आधीच असतं, त्यातच फॉन्टची टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल टाका. 'टिरो देवनागरी मराठी' मोफत आहे, त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. आणि कव्हर कडक पाठीचंच घ्या. बहुतेक ई-इंक पडद्यांत आत पातळ काच असते. एसटीच्या गर्दीत पिशवीवर दाब आला की ती तडकते, पडद्यावर कायमच्या रेघा उमटतात, आणि पडदा बदलायचा खर्च जवळजवळ नव्या यंत्राइतका येतो.