सद्रची ताकद खुर्चीत नाहीच

इराकचा शिया धर्मगुरू आणि नेता मुक्तदा अल-सद्र याचा राजीनाम्यांचा डाव फसला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला म्हणजे तो तिथल्या राजकारणातून संपला, असं तुम्ही म्हणता. यातलं 'संपला' हे मत मला घाईचं वाटतं. त्या निवृत्तीचंच बघा ना. २९ ऑगस्टला त्याने घोषणा केली, समर्थक बगदादच्या ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी कचेऱ्या आणि दूतावासांच्या कडेकोट भागात घुसले, रात्रभर गोळीबार चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी हा टीव्हीवर आला, आपल्याच माणसांना झापलं आणि म्हणाला, तासाभरात निघा. आणि निघाले की! एवढा शब्द तिथल्या पंतप्रधानाचाही चालत नाही.

हे वजन विद्वत्तेचं नव्हे. नजफ या शिया धर्मपीठाच्या उतरंडीत तिथले सर्वोच्च धर्मगुरू सिस्तानींपुढे तो फार खालचा. वजन आहे ते वडिलांच्या पुण्याईचं. सद्दामच्या काळात कूफाच्या मशिदीत शुक्रवारी गर्दी खेचणारे मोहम्मद सादिक अल-सद्र १९९९ मध्ये दोन मुलांसह मारले गेले. बगदादची 'सद्दाम सिटी' २००३ मध्ये 'सद्र सिटी' झाली, ती त्यांच्याच नावाने. तिथल्या गरीब वस्तीला मुक्तदा घरचा वाटतो.

बाकी त्याची धरसोड विचारू नका. २०१८ ला चक्क कम्युनिस्टांशी युती. २०२१ ला संसदेत ३२९ पैकी ७३ जागा मिळवून पहिला नंबर, आणि पुढच्या जूनमध्ये आपल्या सगळ्या खासदारांचे राजीनामे! बहुतेक रिकाम्या जागा इराणधार्जिण्या विरोधकांच्या पदरात पडल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारही त्यांनीच बनवलं. हा डाव त्याच्या अंगलट आला, एवढं मात्र तुमचं मान्य.