ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाहेर पडायचंय, सुरुवात कुठून करू?

चिटबॉय_वाळवा

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातला, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो: कुणाच्या फडात कधी कोयता लावायचा, कुठली टोळी कुठं पाठवायची हे बघायचं, गाडी भरली की चिठ्ठी द्यायची आणि ज्याचा ऊस मागं राहिलाय त्याच्या शिव्या खायच्या. गाडी भरेपर्यंत बांधावर वेळच वेळ असतो. तिथंच वाचनाचा नाद लागला.

वाचतो मात्र एकच. ऐतिहासिक कादंबऱ्या. शिवकाळ, शंभूराजे, पानिपत, पेशवाई. गावातल्या वाचनालयातलं ते कपाट संपलं, मग पाहुण्यांकडनं मागून आणली, काही तर पुन्हा पुन्हा वाचली. त्यामुळं शिवजयंतीला मंडळाची पोरं मलाच भाषणाला उभं करतात. यंदा भाषण संपल्यावर पुढं बसलेले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "समदं बरोबर हाय, पर ही माणसं आठ-आठ म्हैनं मोहिमेवर, मग रान कोण कसत हुतं?" सगळी हसली. पण खरं सांगतो, मला उत्तर येत नव्हतं. वाचलेल्या एकाही कादंबरीत ते नाही. तलवारीची मूठ कशी होती ते आहे, घोड्याचा रंग आहे, पण रानाचं नाही.

तेव्हापासून वाटतंय की आपण जरा चौफेर वाचावं. शिक्षण बारावीपर्यंत झालंय. कारखान्यात नवीन आलेली अ‍ॅग्रीची पोरं जगातल्या कशावरही बोलतात, मी पानिपतचा विषय निघायची वाट बघत बसतो. नेटवर 'आयुष्यात वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' असल्या याद्या बघितल्या. त्यातलं अर्थशास्त्राचं एक आणलं. टोळी जेवून उठायच्या आत मला झोप लागली.

इंग्रजी जमत नाही. विकत घेऊन किती घेणार. कादंबऱ्या सोडणार नाही, ते आधीच सांगतो. विज्ञान, समाज, अर्थ, कविता यातलं काय आधी धरू?

निवांत_कराड

भाऊ, दिवसभर उन्हात राबून माणूस बांधावर पुस्तक वाचतो हेच खूप झालं. आवडतं ते वाचा. चौफेर वाचून त्या पोरांसारखं बोलायचंय कशाला? आमच्या हापिसात एक आहे चौफेरवाला, डबा खाताना जवळ कुणी बसत नाही.

देवघेव_काकू

निवांतभाऊंचं अर्धं पटलं. त्या पोरांसाठी वाचू नका. त्या आजोबांसाठी वाचा.

मी तासगावची. नोकरीची सगळी वर्षं वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर काढली, आता निवृत्त आहे. त्या टेबलावरून माणसं चांगली कळतात. कादंबऱ्यांची बांधणी सारखी उसवायची, विज्ञानाच्या कपाटातली पुस्तकं मात्र आली तशी करकरीत. दर एक जानेवारीला कुणी ना कुणी यायचं, "काकू, या वर्षी वेगळं वाचणार." संक्रांतीपर्यंत गाडी मूळ पदावर. याद्या करून कपाट बदललेला वाचक मी पाहिला नाही. प्रश्न घेऊन आलेले मात्र कुठल्या कुठे गेलेले पाहिलेत. एकीला लेकराच्या खोकल्याचं बघायचं होतं, ती वर्षभरात शरीरशास्त्राचं अख्खं कपाट वाचून गेली. तेव्हा 'विज्ञान आधी की कविता आधी' हे सोडा. तुमच्याकडे फुकटात आलेला एक उत्तम प्रश्न आहे, तोच धरून चाला.

पहिलं पुस्तक तुमच्याच काळातलं घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. राजाराम महाराज जिंजीला असताना त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेली. अगदी छोटी आहे. भाषा जुनी, सुरुवातीला अडखळाल, मग तिचीच गोडी लागेल. तिच्यात शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त दिली आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला, दसरा झाला की मुलूखगिरीला. म्हणजे पेरणीच्या दिवसांत फौज परत आलेली. आजोबांना अर्धं उत्तर इथे मिळालं. पण छावणीतल्या माणसाला घरी सोडत होते का? आणि आपल्याकडची शाळू ज्वारी काढायला येते ती ऐन मोहिमेच्या दिवसांत. ती कोण काढत होतं? बखर याच्यावर गप्प आहे. तिथे तुम्हाला शेतीच्या, महसुलाच्या, वतनदारीच्या इतिहासाकडे जावंच लागेल, आणि जाल तेव्हा झोप येणार नाही, कारण आपण काय शोधतोय ते ठाऊक असेल.

माझा अंदाज विचाराल तर रान बायकाच बघत असणार. आता बायकांनी काय लिहून ठेवलंय? कागदावर फारसं नाही. जात्यावर म्हटलंय. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर, म्हणजे 'पारी'वर, मराठीतच वाचायला मिळतात. म्हणणाऱ्या बायकांचा आवाजही ऐकायला मिळतो. या ओव्या आपल्या काळातल्या बायकांकडून घेतलेल्या आहेत, शिवकाळाचा पुरावा म्हणून वापरू नका. पण पावसाची वाट, माहेर, नांगरामागची भाकर हे ज्याच्या कानावर पडलंय त्याला आजोबांचा प्रश्न निराळाच ऐकू येतो. कविता कुठून सुरू करू म्हणालात ना? इथून. छापील कवितासंग्रह मी मुद्दाम कुणाच्या हातात देत नाही, ते ज्याचं त्याला सापडतं.

अर्थशास्त्राचं तसंच. चौथ म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे शेकडा दहा, हे तुम्हाला पाठ असेल. पण तो पैसा गोळा व्हायच्या आधी फौजेचा पगार कोण द्यायचं? सावकार. आणि सावकार व्याज घेणार. कादंबरीत 'पेशव्यांवर कर्जाचा डोंगर' असं एक वाक्य येतं आणि पुढच्या पानावर लढाई सुरू होते. त्या एका वाक्यापाशी थांबा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतात उपाशी फौज बाहेर पडली ती रसद तुटल्यामुळे, हे तुम्हाला मी सांगायला नको. धान्य कुठून येत होतं, कोण विकत होतं, हुंडी वटवायला कुणी तयार का नव्हतं, हे शोधायला लागलात की तुम्ही अर्थशास्त्रच वाचताय. फक्त ते जाडजूड पुस्तक उघडलेलं नाही.

भूगर्भाचं म्हणाल तर गड चढताय ना? साताऱ्याचा अजिंक्यतारा घ्या. माथा सपाट आणि कडे सरळ तुटलेले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, कठीण थर टिकला, मऊ झिजला. महाराजांना तयार तटबंदी मिळाली ती तिथून. हे सोप्या मराठीत वाचायचं तर मराठी विश्वकोश. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभा राहिला, वीस खंड आहेत, आणि आता सगळा मोबाईलवर फुकट. भाषा थोडी सरकारी आहे, पण नोंदी लहान. एक गाडी भरेपर्यंत एक नोंद आरामात होते.

विश्वकोशाची माझी एक सवय सांगते. नोंद संपली की तिच्यातला न कळलेला एक शब्द घ्यायचा आणि त्याची नोंद काढायची. बेसाल्टवरून सुरुवात केली आणि संध्याकाळी मी कापसाच्या काळ्या मातीवर होते. घरात स्वयंपाक राहिला, तो भाग निराळा.

मिरजकर_तंतू

काकू, लाख बोललात. एक मात्र खटकलं. बखर पहिलं पुस्तक म्हणून नका देऊ हो. कादंबरीची सवय असलेला माणूस तिथेच गळपटतो. माझ्या थोरल्या भावाचं तेच झालं.

मी म्हणेन आधी आत्मचरित्र. वाचायला कादंबरीसारखंच, पण माणूस खरा आणि काळ जवळचा. तुमच्या शेजारचाच माणूस घ्या: यशवंतराव चव्हाण देवराष्ट्रेचे, त्यांचं 'कृष्णाकाठ'. त्यात पुढे १९४२ ची चळवळ येते, भूमिगत होणं येतं. तिथून नाना पाटील आणि त्यांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेला लोकांचा कारभार. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र तर तुमच्याच तालुक्यात. तो सगळा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं सांगली नाव पडलं १९६० ला. तुमच्या गावात त्या काळच्या आठवणी सांगणारी घरं अजून असतील. पुस्तक वाचायचं आणि जाऊन विचारायचं. वाटेगावचे अण्णाभाऊ साठेही तुमचेच. लढाई तुम्हाला आवडते ना, मग ज्यांच्या नावावर गड नव्हते त्यांच्या लढायाही वाचा.

जुनी पत्रं वाचायची हौस आलीच तर आमच्या मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्या दप्तरातली पत्रं निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला, सुरुवात १८९७ ची. त्यात लढाईच्या बातमीशेजारी बैल मेले, पैसा नाही, पाऊस लांबला हेही येतं. जुन्या वाचनालयांत मिळतो, घरी देतीलच असं नाही, तिथेच बसून वाचावा लागतो.

देवघेव_काकू

तंतू, तुमच्या भावाचं मान्य, पण हे भाऊ आठवड्याला हजार पानं पचवणारे दिसतात, त्यांना बखरीने काही होत नाही. आत्मचरित्र चांगलंच. फक्त एक सांगते, थोरामोठ्यांची तेवढी वाचू नका. दलित आत्मकथनं घ्या, शेतमजूर बायकांनी सांगितलेलं घ्या. पुढाऱ्याच्या आत्मचरित्रात दुष्काळ दौऱ्यात येतो. १९७२ ला ज्याने खडी फोडली आणि मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, खाल्ला त्याच्या पुस्तकात तो पोटात असतो.

निवांत_कराड

बरं, मी पण एक टाकतो, उगाच विरोधक ठरायला नको. पाचगणीजवळ भिलार, पुस्तकांचं गाव. २०१७ पासून आहे. लोकांच्या घरातच पुस्तकं मांडलीत, साहित्याच्या प्रकाराप्रमाणे घरं वाटलेली. फुकट बसून वाचा. मी बायको-पोरांबरोबर स्ट्रॉबेरी खायला गेलो होतो, चुकून विनोदी पुस्तकांच्या घरात शिरलो आणि मंडळींनी मला ओढून बाहेर काढलं. भाऊंनी हंगाम संपल्यावर जावं. इतिहासाच्या घरात मात्र जायचं नाही, ही अट.

चिटबॉय_वाळवा

सगळ्यांचे आभार. निवांतदादा, अट मान्य, पण परत निघताना एक चक्कर मारीन.

काकू, सभासदाची बखर वाचनालयात होती. इतकी बारीक की दोन जाड कादंबऱ्यांच्या मधे दबून गेलेली. लष्कराच्या शिस्तीचा भाग फडातच वाचला. मोहिमेत बायका, बटकी बरोबर न्यायच्या नाहीत, छावणीला परत आल्यावर कुणी काय आणलं त्याची झडती, सगळं हिशोबात. आमच्या खात्यापेक्षा कडक.

त्यातनं एक नवीनच निघालं. टोळीचे मुकादम बीडकडचे आहेत, त्यांना मी सहज सांगत होतो की दसरा झाला की लष्कर बाहेर पडायचं. ते म्हणाले, "मग आमचं काय येगळंय? दसरा झाला की आमी बी निघतो. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेस्तोवर माघारी जाता येत नाही." मी इतकी वर्षं यांच्या चिठ्ठ्या फाडतोय आणि ही आगाऊ पैशांची उचल कधीपासून सुरू झाली, कुणी सुरू केली, तिकडं त्यांचं रान कोण बघतं, मला काही माहीत नाही. आजोबांचाच प्रश्न, फक्त माझ्या फडातला.

'पारी'वर ऊसतोड्यांवरचे काही लेख सापडले, ते रात्री वाचतोय. मराठीत यावर अजून काय आहे? कादंबरी असली तरी चालेल. आणि काकू, पगाराऐवजी आगाऊ रक्कम देऊन माणूस बांधून घ्यायची पद्धत पेशवाईत होती का, हे कुठल्या कपाटात बघू?

देवघेव_काकू

समाजशास्त्राच्या. वेठबिगार या विषयापासून सुरू करा, मग सावकारी. आणि मुकादमांना विचारा की त्यांच्या आज्याच्या वेळी उचल किती होती, ते लिहून ठेवा. तारीख घाला वर.